भाचीच्या लेखातला एक इंग्रजी शब्द

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखक करवीर तालुक्यातील एका गावात राहतात. वय ५८, घरची तीन एकर बागायत, पीक उसाचे. धाकटी बहीण इचलकरंजीला दिलेली आहे. वडील २०१७ मध्ये गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमलेले असताना हक्कसोडपत्राचा विषय निघाला, बहिणीने सही केली नाही, शब्दाने शब्द वाढला आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचे येणे-जाणे बंद आहे. गेल्या महिन्यात भाचीचा इंग्रजी लेख तिच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापून आला. त्यात एक वाक्य असे आहे : ‘ज्या मामाने मला आजोळच्या विहिरीत पोहायला शिकवले, तो माझ्या आईचा इस्ट्रेंज्ड भाऊ आहे.’ ओळखीच्या एका शिक्षकांनी तो अंक पत्रलेखकांना दाखवला. त्यांनी शब्दकोश काढला, तर ‘परका केलेला, दुरावलेला, विभक्त’ असे अर्थ निघाले. मुलगा म्हणाला की वर्तमानपत्रात हा शब्द नवरा-बायकोच्या कोर्टाच्या बातम्यांत येतो. पत्रलेखक विचारतात : बहिणीने कायद्याने नाते तोडले असा याचा अर्थ होतो का? भाचीच्या तोंडी हा शब्द बहिणीनेच घातला असणार. मग महाविद्यालयाला पत्र पाठवून दुरुस्ती मागावी, की गप्प बसावे?

सप्रेम नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तुमची झोप बहुधा त्यानेच उडवली आहे. भावा-बहिणीचे नाते मोडण्याची सोय कायद्यात नाही. कोणी कोणाशी दहा वर्षे बोलले नाही म्हणून भाऊ भाऊ राहत नाही असे होत नाही, आणि अबोल्यामुळे वारसा हक्क जात नाही किंवा नव्याने मिळतही नाही. भाचीने जो शब्द वापरला आहे, तो माणसांमाणसांतले अंतर सांगणारा शब्द आहे; तो कोर्टाचा हुकूम नव्हे.

तुमच्या मुलाने सांगितले तेही खोटे नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांत हा शब्द नवरा-बायकोच्या बातम्यांत वारंवार येतो. तिथे त्याचा अर्थ एवढाच असतो की दोघे एकत्र राहत नाहीत, त्यांचे पटत नाही, पण घटस्फोट झालेला असेलच असे नाही. किंबहुना निकाल लागलेला नसतो म्हणूनच बातमीदाराला हा शब्द सोयीचा पडतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम १० खाली न्यायिक विभक्तता मिळते आणि कलम १३ खाली घटस्फोट मिळतो. या दोन्हींना अर्ज लागतो, सुनावणी लागते, हुकूमनामा लागतो. इस्ट्रेंज्ड होण्याला यातले काहीच लागत नाही. दोन माणसांनी एकमेकांच्या दारात जायचे थांबवले की ती अवस्था आलीच.

घोटाळा मराठी भाषांतराने वाढवला आहे. आपल्याकडे बातमीत ‘विभक्त पत्नी’ असे छापतात आणि त्याच पानावर कुटुंबव्यवस्थेवरचा लेख ‘विभक्त कुटुंब’ म्हणतो, ज्याचा अर्थ केवळ नवरा, बायको आणि मुले असे छोटे घर. गावाकडे भाऊ विभक्त होतात म्हणजे चुली वेगळ्या होतात, सात-बारावर नावे वेगळी लागतात. तरी उसाला मातीची भर देताना तेच भाऊ एकमेकांच्या सरीत उभे असतात. त्यामुळे ‘विभक्त’ हा अर्थ तुमच्या भाचीच्या वाक्याला लावू नका. फारकत आणि काडीमोड हे शब्दही इथले नव्हेत. काडीमोडीत खरोखरच काडी मोडून नाते संपवल्याचे चारचौघांत दाखवले जात असे. त्या शब्दात एक कृती आहे, एक दिवस आहे, साक्षीदार आहेत. भाचीच्या शब्दात असा ठरावीक दिवस नाही.

अपवाद म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनाही तिचा उपयोग होईल. इंग्लंडमधल्या सरकारी विद्यार्थी अर्थसाहाय्यात हा शब्द खराच कार्यालयीन आहे. तिथला पंचवीस वर्षांखालचा विद्यार्थी आई-वडिलांपासून कायमचा दुरावला असेल आणि त्याने तसे दाखवून दिले, तर मदत ठरवताना आई-वडिलांचे उत्पन्न धरत नाहीत, त्याला स्वतंत्र समजतात. ही तिथली व्यवस्था आहे. कोल्हापुरातल्या महाविद्यालयाच्या अंकात छापलेल्या ललित लेखाला असले कोणतेही वजन नाही.

आता शब्दाकडे येऊ. ‘परका केलेला’ हा अर्थ तुम्हाला सर्वांत जास्त लागला, आणि तो निराधार आहे असे मी म्हणणार नाही. लॅटिनमध्ये ‘एक्स्ट्रा’ म्हणजे बाहेर. त्यावरून ‘एक्स्ट्रानेउस’ म्हणजे बाहेरचा, परका. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून फिरत फिरत पंधराव्या शतकात इंग्रजीत आला. अनोळखी माणसाला इंग्रजीत ‘स्ट्रेंजर’ म्हणतात, तोही याच कुळातला. म्हणजे मुळाशी अर्थ आहे तो बाहेरचा करणे, परका करणे हाच. पण शब्दाचे मूळ आणि शब्दाचा वापर यांत फरक असतो, आणि आज हा शब्द कुठे चालतो व कुठे चालत नाही हे पाहिले की तुमच्या मनातली अढी थोडी सैल होईल असे मला वाटते.

मध्यवर्ती बस स्थानकावर तुमच्या शेजारी बसलेला अनोळखी माणूस परका असतो, स्ट्रेंजर असतो. त्याला इस्ट्रेंज्ड कधीच म्हणता येत नाही. जो मुळात जवळचा नव्हता, त्याच्यापासून दुरावणार कसे? या शब्दाच्या पोटात आधीची जवळीक गृहीत धरलेली आहे. एखाद्याला इस्ट्रेंज्ड म्हणणे म्हणजे, तो आपला होता, हे त्याच दमात कबूल करणे. तुमच्या भाचीने हे पोकळ कबूल केलेले नाही. तिने विहीर लिहिली आहे. तुम्ही पत्रासोबत लेखाची जी प्रत पाठवली, त्यात त्या वाक्याच्या आधीच्या चार ओळी विहिरीच्याच आहेत : पाठीला बांधलेला गोड्या तेलाचा रिकामा डबा, पायऱ्यांवरचे शेवाळ, मामाने डब्याची दोरी सोडून दिल्याचे तिला पाणी प्यायल्यावरच कळणे, आणि वर उभ्या असलेल्या आईचे ओरडणे. त्या ओळींखाली तुम्ही काहीच खूण केलेली नाही. लाल शाईची रेघ फक्त एका शब्दाखाली आहे.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इंग्रजीत हा शब्द ‘फ्रॉम’ घेऊन येतो; आपला ‘पासून’ त्याला नेमका बसतो. अमका तमक्यापासून दुरावलेला. आता प्रश्न पडतो की दुरावला कोण आणि दुरावले कोणी? वाक्य ते सांगत नाही. इस्ट्रेंज्ड भाऊ असे म्हटले की बहिणीने भावाला तोडले, की भावाने बहिणीला तोडले, की दोघांनी एकेक पाऊल मागे घेतले, की मध्ये तिसऱ्याने काडी घातली, हे काहीही त्यातून कळत नाही. बहिणीने तुमच्याविषयी हा शब्द वापरला, तर तुम्ही तिच्याविषयी तोच शब्द तितक्याच खरेपणाने वापरू शकता. तुम्ही मात्र तो वाचताना कर्ता स्वतःच भरलात : ‘तिने मला परके केले.’ पत्रात हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिले आहे. ते भाचीचे वाक्य नव्हे.

मराठीत आपण या अवस्थेला काय म्हणतो? रुसवा म्हणावा तर त्यात समजूत काढण्याची वाट उघडी असते, रुसणारा ती वाट पाहतही असतो. अबोला एका घरात, एका ताटाजवळ बसूनही धरता येतो. वितुष्ट म्हटले की दोन्ही बाजूंना राग जिवंत आहे असा भास होतो, आणि कित्येकदा राग केव्हाच विझलेला असतो, उरते ती फक्त सवय. भाऊबंदकी हा शब्द तर वाटणीच्या वादालाच बांधलेला आहे. माझ्या मते ‘दुरावलेला’ हाच सर्वांत जवळचा शब्द आहे, आणि बोलण्यात त्याहूनही नेमके आपले गावचे वाक्य आहे : ‘त्यांचं आमचं येणं-जाणं नाही.’ त्या वाक्यात दोष कोणावर नाही, निवाडा नाही. वाट बंद आहे एवढेच आहे. भाचीला इंग्रजीत लिहायचे होते, म्हणून तिने या वाक्याचा इंग्रजी शब्द शोधला. तो तिने बरोबर शोधला.

याच घराण्याला लागून असलेल्या आणखी एका इंग्रजी शब्दाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तो तुमच्या प्रकरणाच्या अगदी मधोमध उभा आहे. ‘एलिअनेट’ असे एक क्रियापद आहे. लॅटिनमध्ये ‘आलिएनुस’ म्हणजे दुसऱ्याचा. त्यावरून ते आले. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. जमीन एलिअनेट करणे म्हणजे तिच्यावरचा हक्क दुसऱ्याच्या हाती देणे, आणि माणूस एलिअनेट करणे म्हणजे त्याचे मन आपल्यापासून तोडणे. इंग्रजी अमदानीत इनाम जमिनींना, म्हणजे ज्यांच्या महसुलावरचा हक्क सरकारने सोडून दिलेला होता अशा जमिनींना, ‘एलिअनेटेड’ म्हणत, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तराला त्याच कारणाने ‘एलिअनेशन ऑफिस’ असे नाव होते. कार्ल मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत कामगार आपल्याच श्रमापासून कसा तुटतो हे सांगितले, तेव्हा त्याच्या जर्मन शब्दासाठी इंग्रजी भाषांतरकारांनी कधी ‘एलिअनेशन’ तर कधी ‘इस्ट्रेंजमेंट’ वापरला. आपल्याकडे त्याला परात्मता म्हणतात. जर्मन, लॅटिन, मराठी, कुठेही जा, शेवटी येऊन थांबतो तो ‘पर’ या एका अक्षरजोडीपाशी : आपला कोण आणि पर कोण.

आणि इथे मला तुम्हाला एक कठीण प्रश्न विचारायचा आहे. रागावू नका. तुम्ही लिहिता की साठीला टेकलेल्या भावाला परका म्हटलेले तुम्हाला सहन झाले नाही. ते खरे दुःख आहे, मी ते कमी लेखत नाही. पण आपल्या घरांत परकेपणाचा हा शब्द प्रथम कोणाला लागतो? ‘लेक म्हणजे परक्याचं धन’ हे वाक्य तुमच्या बहिणीने पाळण्यात असल्यापासून ऐकले असणार. लग्नात ती ‘दुसऱ्या घरची’ झाली. वर्षश्राद्धाच्या दिवशी, वडिलांच्या फोटोला घातलेला हार अजून ताजा असताना, तिच्यापुढे जो कागद ठेवला गेला त्याचे नावच हक्कसोड. तुम्ही म्हणता की गावात सगळ्याच बहिणी सही करतात, चोळी-बांगडी घेतात आणि आनंदाने जातात. सगळ्या आनंदाने जातात की नाही, हे आपण कधी विचारत नाही, म्हणून आपल्याला ठाऊक नसते. माझ्या पाहण्यात असे कितीतरी भाऊ आहेत, ज्यांच्या मनात कपट नव्हते. वडिलांनी आत्यांकडून सही घेतली होती म्हणून त्यांनी बहिणीकडे कागद सरकवला, एवढेच. तुम्ही त्यांच्यापैकीच एक असाल असे तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटते.

कायदा मात्र तिच्या बाजूने स्पष्ट आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असणे गरजेचे नाही. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच, त्या कायद्यानंतर लग्न होणाऱ्या मुलींसाठी, हे पाऊल टाकले होते. हक्क सोडायचा की ठेवायचा हे तिने ठरवायचे; सोडलाच तर तो नोंदणीकृत दस्ताने सुटतो, चारचौघांतल्या भिडेने सुटत नाही. तुमच्या जमिनीत तिचा नेमका हिस्सा किती, मिळकत वडिलोपार्जित की वडिलांची स्वकष्टार्जित, हे वकिलाला कागद दाखवून समजून घ्या. ते काम वेगळे ठेवा, नात्याचे काम वेगळे ठेवा.

भाचीच्या तोंडी शब्द बहिणीने घातला, हे तुमचे दुसरे गृहीत. तसे मानायला पत्रात काहीच आधार नाही. वीस-एकवीस वर्षांची मुलगी इंग्रजीत लेख लिहिते, तेव्हा शब्द ती स्वतः शोधते. जिच्या मनात कडवटपणा भरलेला आहे, ती ‘आईचा भाऊ’ एवढेच लिहून मोकळी झाली असती, किंवा मामाचा उल्लेखच टाळला असता. ही मुलगी मामाची आठवण लेखाच्या मधोमध ठेवते आणि मग एका शब्दात सांगते की आता तो आमच्याकडे येत नाही. मला तो शब्द तक्रारीचा वाटत नाही. ती जखम दाखवते आहे, आणि कोणी केली ते मुद्दाम सांगत नाही. एवढा विवेक तिने या वयात दाखवला याचे मला कौतुक वाटते.

तेव्हा महाविद्यालयाला पत्र पाठवू नका. पाठवून काय मागणार? तुमचे येणे-जाणे बंद आहे हे तुम्हीच मान्य करता, म्हणजे शब्द वस्तुस्थितीला धरून आहे. तुमचे नाव, गाव लेखात कुठेही नाही. दुरुस्तीच्या पत्राने शब्द बदलणार नाही, फक्त भाचीला तिच्या प्राध्यापकांपुढे मान खाली घालावी लागेल, आणि आज जे अंतर एका शब्दाचे आहे ते तिच्या बाजूने कायमचे होईल.

गप्प बसणे हा दुसरा मार्ग तुम्ही सुचवला आहे. काही काळ तोही वाईट नाही. पण तुम्ही गप्प बसलेले नाही. तुम्ही शब्दकोश काढलात, मुलाला विचारलेत, मला चार पानी पत्र लिहिलेत. ज्याला नाते नको असते तो एका विशेषणासाठी इतका खटाटोप करत नाही.

भाचीला फोन करावा असाही मोह होईल. तो सध्या टाळा. आई आणि मामा यांच्यामध्ये तिला निरोप्या करणे अन्यायाचे आहे. तिने लेखात जे तोलून धरले आहे, ते तुमच्या एका फोनने तिच्या हातून सुटेल. आधी बहिणीला लिहा. व्हॉट्सअॅपवर नको, कारण तिथे निळ्या खुणा दिसल्या की उत्तराची घाई होते आणि उत्तर आले नाही की नवा राग. कागदावर लिहा, पोस्टाने पाठवा. पत्रात वर्षश्राद्धाच्या दिवसाचा उल्लेख टाळू नका. टाळलात तर तिला वाटेल की भाऊ गोड बोलून सहीकडेच येतो आहे. ‘त्या दिवशी तुझ्यापुढे कागद ठेवायला नको होता आणि यापुढे मी तो पुन्हा काढणार नाही’ हे एक वाक्य लिहा. ते मनापासून लिहिता येत नसेल, तर पत्र आठवडाभर थांबवा, पण ते वाक्य गाळून पाठवू नका. ‘तू मला परकं केलंस’ हे वाक्य नको, ‘झालं गेलं विसरून जाऊ’ हेही नको. विसरण्याचा सल्ला ज्याचे कमी गेले तो देतो. ‘आपल्यात अंतर पडलं’ असे लिहा. त्यात कर्ता नाही, आणि पहिल्या पत्रात तो नसलेलाच बरा. उत्तर लगेच येईल अशी अपेक्षा धरू नका. दिवाळी जवळ आली म्हणून भाऊबीजेला थेट तिच्या दारात जाऊन उभे राहू नका. सासरच्या माणसांदेखत तिला ‘ये’ म्हणावेच लागेल, आणि भिडेने उघडलेले दार तुम्हाला नको आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट इथे घालणे गरजेचे आहे. सगळेच दुरावे मिटवण्यासारखे नसतात. घरात मारहाण झाली असेल, लहानपणी अत्याचार झाला असेल, पैशासाठी जिवावर उठण्यापर्यंत मजल गेली असेल, तर तिथे दूर राहणे हेच शहाणपण आहे, आणि अशा माणसाला ‘रक्ताचं नातं आहे, जाऊन भेट’ असे सांगणाऱ्यांनी आधी त्याची हकिकत ऐकावी. अशांना हा इंग्रजी शब्द उपयोगी पडतो, कारण तो त्यांना सगळी कहाणी न सांगता वस्तुस्थिती सांगू देतो. तुमच्या घरात तसे काही घडल्याचे पत्रातून दिसत नाही. तिथे एक कागद होता, वीस-पंचवीस पाहुणे होते आणि दोन हट्टी माणसे होती.

शेवटी तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्याच ध्यानात आणून देतो. चार पानांत तुम्ही बहिणीचा उल्लेख ‘इचलकरंजीची मंडळी’ असा नऊ वेळा केला आहे आणि ‘त्या बाई’ असा एकदा. तिचे लहानपणचे हाकेचे नाव फक्त एकाच ठिकाणी आले आहे, तिसऱ्या पानावर, जिथे तुम्ही लिहिता की भाचीला पोहायला शिकवले त्याच विहिरीत, तोच डबा पाठीला बांधून, तुम्ही आधी तिच्या आईला शिकवले होते. ते नाव मी इथे छापत नाही. पत्र लिहायला बसाल तेव्हा ‘सौ.’ आणि आडनाव बाजूला ठेवून, पहिल्या ओळीत तेच लिहा.